‘आम्ही तर फक्त मेंबर आहोत’ : क्लायमेट लॉबिंगचा रिपोर्ट मागितला की काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कंपनीने २०५० पर्यंत नेट झिरो (म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणणं) जाहीर केलंय, आता एका पेन्शन फंडाचं पत्र आलंय की हवामान धोरणावर तुम्ही स्वतः आणि तुमच्या इंडस्ट्री असोसिएशन्स जे लॉबिंग (सरकारी नियम आपल्याला हवे तसे व्हावेत म्हणूनचे प्रयत्न) करता त्याचा रिपोर्ट द्या, आणि सीएफओ म्हणतात ‘आपण लॉबिंग करतच नाही, आपण फक्त काही असोसिएशन्सचे मेंबर आहोत, तसं लिहून टाका’. तुम्ही सस्टेनेबिलिटीमध्ये असल्यामुळे पत्र फिरत फिरत तुमच्या टेबलावर आलंय. मी बरीच वर्षं या पत्रांच्या दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे गुंतवणूकदारांच्या वतीने अशी पत्रं लिहायची, आलेली उत्तरं वाचायची, मग कंपनीच्या लोकांशी बसून बोलायचं हे माझं काम, त्यामुळे तिकडून काय दिसतं ते सांगतो.

सीएफओंचं ते वाक्य जसंच्या तसं पाठवू नका, असं उत्तर आलं की आमच्याकडे त्या कंपनीच्या नावापुढे लगेच खूण होते. ते खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही, त्यांच्या डोक्यात लॉबिंग म्हणजे आपला माणूस जाऊन मंत्र्याला भेटणं, आणि तसं तुमच्याकडे खरंच कमी होत असेल. पण हवामानाच्या बाबतीत कंपन्यांचं सगळ्यात वजनदार लॉबिंग पहिल्यापासून असोसिएशनमार्फतच होत आलंय, कारण स्वतःच्या लेटरहेडवर जे लिहायला जड जातं ते असोसिएशनच्या लेटरहेडवर आरामात लिहिता येतं आणि नंतर हात झटकायलाही सोपं.

ग्लोबल क्लायमेट कोअलिशनचं उदाहरण बघा. १९८९ मध्ये अमेरिकेत तेल, कोळसा, वीज, गाड्या अशा सगळ्या धंद्यांनी मिळून उभी केलेली संघटना, क्योटो कराराच्या काळात हवामानशास्त्रावर शंका घेण्यात आघाडीवर. १९९५ साली त्यांच्याच तांत्रिक कमिटीने एक अंतर्गत ड्राफ्ट तयार केला, त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया पक्का आहे आणि तो नाकारता येणार नाही. विरोधी सिद्धांत का टिकत नाहीत याचाही एक भाग त्यात होता, तो पुढे पाठवताना काढून टाकला. हा ड्राफ्ट बाहेर आला तो एका कोर्ट केसच्या कागदपत्रांतून, आणि २००९ मध्ये पेपरात छापून आला. मेंबर कंपन्यांपैकी बीपी आधी बाहेर पडली, १९९८ मध्ये शेल, १९९९ च्या शेवटी फोर्ड, २००० मध्ये डेम्लर-क्रायस्लर, टेक्साको, जनरल मोटर्स, आणि २००२ मध्ये संघटना बंद झाली. आता या कंपन्यांच्या त्या वर्षांच्या बोर्ड मिनिट्समध्ये ‘आपण जी वर्गणी देतो ती संघटना आपल्याच तज्ज्ञांना पटलेल्या गोष्टीच्या विरोधात बोलतेय’ हा विषय किती वेळा आला असेल? मला वाटतं फारसा नाही. वर्गणी ही खर्चाची एक बारकी ओळ असते, ती सही होऊन निघून जाते, आणि गव्हर्नन्सचं सगळं पाणी मुरतं ते याच ओळीत.

आज मोठ्या कंपन्या उघडपणे शास्त्र सहसा नाकारत नाहीत. आज कागद कसा दिसतो त्याचा नमुना सांगतो, कुणा एकाचं नाव घेत नाही कारण असे ढिगाने आहेत. तेल-वायू क्षेत्रातल्या मिथेन वायूच्या गळतीच्या नियमाचा सरकारी मसुदा आलाय आणि असोसिएशनने हरकती-सूचना पाठवल्यात. पहिल्या पानावर पॅरिस कराराला पाठिंबा, दुसऱ्यावर सदस्य कंपन्या स्वेच्छेने काय काय करतायत त्याची यादी, तिसऱ्यावर ‘नियम व्यवहार्य, तंत्रज्ञान-तटस्थ आणि खर्चाच्या दृष्टीने वाजवी असावेत’ असं गुळगुळीत काहीतरी. मग परिशिष्ट, आणि खरा माल तिथे. गळतीची तपासणी दर तिमाहीऐवजी वर्षातून एकदा करा, लहान उत्पादनाच्या विहिरी वगळा, आधीपासून चालू असलेल्या यंत्रणेला मुदत वाढवून द्या, मोजमाप कंपनीच्याच अंदाजपद्धतीने चालू द्या. यातली एकेक मागणी सुटी वाचली तर बऱ्यापैकी समंजस वाटते, चारही मान्य झाल्या तर नियमात उरतं काय ते तुम्हीच सांगा. म्हणून मी कंपनीचं धोरण-पान वाचतच बसत नाही, सरळ परिशिष्ट उघडतो.

आणि हे परिशिष्ट तयार कसं होतं तेही बघा, कारण तुमच्या रिपोर्टमधलं अर्धं काम इथेच आहे. असोसिएशनची एक पर्यावरण किंवा नियमन कमिटी असते, त्यावर प्रत्येक मोठ्या मेंबरचा एक माणूस. ड्राफ्ट येतो डेडलाइनच्या आधी चार-पाच दिवस, सोबत मेल की अमुक तारखेपर्यंत आक्षेप न आल्यास मान्य समजण्यात येईल. तुमचा माणूस असतो प्लँट ऑपरेशन्स किंवा रेग्युलेटरीमधला, त्याला नियम ढिला झाला तर बरंच, आणि कंपनीने नेट झिरो जाहीर केलंय हे त्याला माहीत असलं तरी त्याचा या मेलशी संबंध आहे असं त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. तो गप्प बसतो. ज्याला सगळ्यात जास्त विरोध आहे तो मेंबर सगळ्यात जास्त लिहितो, कारण त्याचं नुकसान ठरलेलं आहे आणि बाकीच्यांचा फायदा पसरट आहे, आणि अशा रीतीने सगळ्यात मागे असलेल्या मेंबरची भूमिका सगळ्यांची भूमिका म्हणून सरकारकडे जाते, खाली तुमच्या कंपनीचा लोगो. ‘आम्ही फक्त मेंबर आहोत’ म्हणजे प्रत्यक्षात हे.

बरं, सरकारी रजिस्टरमध्ये सगळं असतंच ना, मग वेगळा रिपोर्ट कशाला, असं लीगल टीम विचारेल. तर नसतं. अमेरिकेत १९९५ च्या लॉबिंग डिस्क्लोजर कायद्याखाली दर तिमाहीला फाइलिंग करावं लागतं, त्यात खर्चाचा आकडा जवळच्या १० हजार डॉलरमध्ये, विषय आणि विधेयकांची नावं, पण विधेयकाच्या बाजूने बोललात की विरोधात ते लिहायची सक्तीच नाही, आणि लोकांकडून फोन-मेल करवून घेण्याच्या मोहिमा, जाहिराती वगैरे त्यात येतच नाहीत. युरोपियन युनियनचं ट्रान्सपरन्सी रजिस्टर बरंच बरं आहे, पण खर्च पट्ट्यांमध्ये सांगायचा, अमुक ते तमुक युरो. ब्रिटनचा २०१४ चा कायदा फक्त दुसऱ्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या कन्सल्टंट्सना लागू, कंपनीचे स्वतःचे नोकर आणि असोसिएशन्स बाहेर. भारतात सेबीच्या बीआरएसआरमध्ये (कंपन्यांचा जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटीचा रिपोर्ट) तत्त्व ७ हे याचसाठी आहे, मेंबरशिप किती आणि त्यातल्या वरच्या १० संघटना कोणत्या ते सांगावं लागतं, मात्र या १० निवडायच्या त्या संघटनेच्या एकूण सदस्यसंख्येवरून, तुम्ही कुणाला किती पैसे देता त्यावरून नाही, त्यामुळे जिथे वर्गणी सगळ्यात मोठी आणि सदस्य मोजकेच अशी संघटना यादीतून अलगद सुटू शकते. कोणत्या धोरणाची बाजू मांडली आणि बोर्ड त्याचा आढावा किती वेळा घेतो हा रकाना आहे, पण तो ऐच्छिक भागात. युरोपच्या ईएसआरएसमध्ये (सस्टेनेबिलिटी रिपोर्टिंगची मानकं) जी१-५ म्हणून राजकीय प्रभाव आणि लॉबिंगचं डिस्क्लोजर आहे, ते या सगळ्यांत जास्त कामाचं. एकूण काय, कायद्याने मागितलेलं सगळं भरूनही तुमची भूमिका काय होती हे बाहेरच्याला कळत नाही, आणि गुंतवणूकदाराला नेमकं तेच हवंय.

आता सीएफओंना पटवायचं तर नैतिकतेवर जाऊ नका, फर्स्टएनर्जी दाखवा. ओहायोतली वीज कंपनी. २०१९ मध्ये तिथे हाउस बिल ६ पास झालं, दोन अणुवीज प्रकल्पांना ग्राहकांच्या बिलातून १०० कोटी डॉलरच्या वर मदत, दोन जुन्या कोळसा प्रकल्पांना आधार, आणि त्याच कायद्यात राज्याचे अपारंपरिक ऊर्जेचे आणि वीजबचतीचे निकष कापून टाकले. पुढे एफबीआयच्या तपासात निघालं की विधानसभेचे स्पीकर लॅरी हाउसहोल्डर यांच्या ताब्यातल्या एका ना-नफा संस्थेकडे सुमारे ६ कोटी डॉलर गेले होते. ही संस्था अशा प्रकारची की तिला देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सीईओंना काढलं, २०२१ मध्ये कंपनीने सरकारशी करार करून २३ कोटी डॉलर दंड भरला, २०२३ मध्ये हाउसहोल्डर यांना २० वर्षांची शिक्षा झाली. हा झाला गुन्हेगारी भाग, तो तुमच्याकडे होणार नाही असं धरून चालू. पण शेअरहोल्डरांनी संचालकांवर जो दावा लावला त्याची तडजोड वाचण्यासारखी आहे, विम्यातून १८ कोटी डॉलर, सहा संचालक पुन्हा उभे राहणार नाहीत, आणि यापुढे राजकीय खर्च आणि लॉबिंगवर बोर्डाची थेट देखरेख. म्हणजे तुम्हाला आज पत्रातून जे मागितलंय तेच त्यांना शेवटी करावं लागलं, फक्त फार महागात. संचालकांच्या खुर्चीशी हा विषय जोडलेला आहे हे एकदा कळलं की मीटिंगमधला सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

शेअरहोल्डरांच्या मतांचे आकडेही द्या, ते बोर्डाला कळतात. २०२० मध्ये शेव्हरॉनमध्ये हवामान लॉबिंगच्या रिपोर्टचा ठराव व्यवस्थापनाचा विरोध असताना ५३ टक्क्यांनी पास झाला, बीएनपी परिबाच्या फंड कंपनीने तो मांडला होता. २०२१ मध्ये एक्सॉनमोबिलमध्ये तसाच ठराव सुमारे ६४ टक्क्यांनी, ‘फिलिप्स ६६’ ही तेल कंपनी, डेल्टा आणि युनायटेड या विमान कंपन्या, या तिन्ही ठिकाणी ६० टक्क्यांच्या वर. टोयोटाला २०२३ मध्ये जवळपास १५ टक्केच मिळाली, पण तिथे हा ठराव मांडला गेला हीच बातमी होती. आणि हो, वारं फिरलंय हेही खरं. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एसईसीने (तिथली शेअर बाजार नियामक) शेअरहोल्डर ठराव वगळणं कंपन्यांना पुन्हा सोपं केलं, तिकडे अशा ठरावांना मिळणारी मतं आधीच घसरलेली होती, त्यामुळे तुमची लीगल टीम म्हणेल आता कशाला, दम धरा, हे वारं जाईल. माझं म्हणणं, ठराव कमी झाले म्हणून माहिती कमी होत नाही. इन्फ्लुएन्समॅप नावाची लंडनची संस्था २०१५ पासून कंपन्यांच्या आणि असोसिएशन्सच्या हरकती-सूचना, साक्षी, मुलाखती, ट्वीट गोळा करून ए प्लस ते एफ असे ग्रेड देते, तुमची स्वतःची वागणूक वेगळी आणि तुमच्या असोसिएशन्समुळे येणारा ग्रेड वेगळा. तुम्ही काही सांगितलं नाही तरी तुमचा ग्रेड निघतो, आणि मीटिंगला येताना आमच्यासारख्यांच्या हातात तो कागद असतो. त्यांच्या पद्धतीशी मी दरवेळी सहमत नसतो, एखाद्या नियमातल्या खऱ्याखुऱ्या तांत्रिक अडचणीलाही ते कधी कधी विरोध धरतात, पण ते खोडायचं तर तुमच्याकडे तुमचं पत्र दाखवायला हवं ना.

मागणीचा साचा कुठून येतो म्हणाल तर २०२२ च्या मार्चमध्ये स्वीडनचा एपी७ फंड, बीएनपी परिबा ॲसेट मॅनेजमेंट आणि चर्च ऑफ इंग्लंडचं पेन्शन बोर्ड यांनी जबाबदार क्लायमेट लॉबिंगचं एक जागतिक मानक आणलं, १४ निकष आहेत. क्लायमेट ॲक्शन १००+ या गुंतवणूकदारांच्या गटाच्या बेंचमार्कमध्येही याच विषयाचा स्वतंत्र निर्देशक आहे, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कॅथरीन मॅकेना यांच्या समितीने नेट झिरो म्हणणाऱ्यांचं लॉबिंग त्याच दिशेने असलं पाहिजे असं स्पष्ट म्हटलं. १४ निकष पाठ करायची गरज नाही, त्यातले बरेचसे एका बैठकीत उरकतात. पैसा, भूमिका आणि विसंगती सापडल्यावर काय केलं, या तीन ठिकाणी मात्र कंपन्या अडकतात.

पैशापासून सुरुवात करा, आणि सुरुवात गव्हर्नमेंट अफेअर्सच्या (सरकारशी संबंध सांभाळणाऱ्या) माणसाला विचारून करू नका, अकाउंट्समध्ये जा. त्याची यादी त्याच्या आठवणीतली असते. व्हेंडर मास्टरमधून (कंपनी ज्यांना पैसे देते त्या सगळ्यांची यादी) असोसिएशन, चेंबर, कौन्सिल, अलायन्स, फोरम, इन्स्टिट्यूट, फाउंडेशन असे शब्द असलेली सगळी पेमेंट काढा, वर्गणी, वेगळी ‘स्पेशल असेसमेंट’, परिषदेची स्पॉन्सरशिप, थिंक टँकला दिलेला निधी, पीआर एजन्सीला दिलेली कामं, आणि उपकंपन्यांची खाती विसरू नका कारण हेड ऑफिसने सोडलेली संघटना उपकंपनी चालवत असते असं हमखास निघतं. सीएफओंच्या ‘काही असोसिएशन्स’ची यादी किती लांबते बघाच. अमेरिकेतल्या मेंबरशिपचं इन्व्हॉइस नीट वाचा, तिथे लॉबिंगवर जाणारा वर्गणीचा हिस्सा करातून वजा होत नाही म्हणून बहुतेक असोसिएशन्स इन्व्हॉइसवरच छापतात की इतका टक्के भाग वजावटीला पात्र नाही. म्हणजे तुमचाच टॅक्सवाला दरवर्षी हा आकडा भरतोय, आणि वरच्या मजल्यावर लॉबिंग शून्य सांगितलं जातंय. ही एक ओळ सीएफओंच्या पुढे ठेवा, पुढचं बोलणं सोपं होईल.

मग भूमिका. इथे सगळ्यात मोठी पळवाट आहे. बहुतेक कंपन्या एक तक्ता करतात, डावीकडे असोसिएशन, उजवीकडे ‘सुसंगत’, ‘अंशतः सुसंगत’, ‘विसंगत’, आणि कसोटी काय तर ‘पॅरिस कराराला पाठिंबा आहे का’, ‘कार्बन किमतीला (उत्सर्जनावर कर किंवा शुल्क) तत्त्वतः पाठिंबा आहे का’. या कसोटीत नापास होणारी संघटना आता शोधूनही सापडायची नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) या तेल-वायू कंपन्यांच्या संघटनेनेसुद्धा २०२१ च्या मार्चमध्ये कार्बनच्या किमतीला पाठिंबा जाहीर केला. त्यानंतर तीनच महिन्यांनी ग्रीनपीसच्या पत्रकारांनी एक्सॉनच्या वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठ लॉबिस्टचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग बाहेर काढलं, त्यात तो म्हणत होता की कार्बन टॅक्स काही येत नाही, पण बोलायला मुद्दा म्हणून चांगला आहे. सीईओंनी माफी मागितली, त्या माणसाची मतं कंपनीची नाहीत म्हणाले, ऑक्टोबरमध्ये संसदीय समितीसमोर तेल कंपन्यांच्या प्रमुखांची सुनावणीही झाली. म्हणून माझी सूचना, तत्त्वतः पाठिंब्याचे रकाने काढूनच टाका. तुमच्या धंद्यावर खरा परिणाम करणारे गेल्या दोन वर्षांतले पाच-सहा ठोस मसुदे निवडा, नावानिशी, मिथेन नियम असेल, गाड्यांच्या उत्सर्जनाची मर्यादा असेल, इमारतींचा ऊर्जा कोड असेल, आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा, आम्ही काय मागितलं, असोसिएशनने काय मागितलं, आणि ते मान्य झालं असतं तर नियम कडक झाला असता की सैल. तिसरा रकाना लिहिताना हात थबकतो, मी बघितलंय, पण रिपोर्टची किंमत त्याच रकान्यात आहे. आणि जिथे तुम्ही स्वतःच सैल करा म्हणालात तिथे तसंच लिहा आणि कारण द्या, एखादी डेडलाइन खरोखर अशक्य असू शकते, तसं उघड म्हणणाऱ्या कंपनीशी बोलता येतं.

विसंगती सापडली, पुढे काय? बाहेर पडणं हा एकच मार्ग नाही, पण तो खरोखर उघडा आहे हे असोसिएशनला माहीत असलं पाहिजे, नाहीतर ‘आत राहून बदल घडवतो’ हे वाक्य वेळ मारून नेण्यासाठी उरतं. बीएचपी या खाणकंपनीने २०१७ मध्ये शेअरहोल्डरांच्या रेट्यानंतर आपल्या संघटनांचा आढावा छापला आणि २०१८ मध्ये वर्ल्ड कोल असोसिएशन सोडली, पण मिनरल्स कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलियामध्ये राहिली, आणि त्यावर अजून वाद होतो. शेलने २०१९ मध्ये १९ संघटना तपासल्या, त्यातल्या नऊंशी थोडी विसंगती असूनही राहिली आणि रिफायनरीवाल्यांची एएफपीएम ही एकच सोडली. बीपीने २०२० मध्ये ३० तपासून तीन सोडल्या. टोटलने २०२१ च्या जानेवारीत एपीआय सोडली तेव्हा मुद्दे नाव घेऊन सांगितले, मिथेनचे नियम सैल करायला एपीआयचा पाठिंबा, इलेक्ट्रिक गाड्यांच्या सबसिडीला विरोध, कार्बन किमतीबद्दल मतभेद. मला टोटलचं पत्र जास्त आवडतं ते सोडलं म्हणून नाही तर कारण तपासता येतं म्हणून, ‘धोरणात्मक प्राधान्यांमध्ये फरक’ असलं मोघम काही नाही. व्होल्वो कार्सनेही २०२२ मध्ये युरोपच्या वाहन उत्पादकांची एसीईए सोडताना भूमिका जुळत नसल्याचं उघड सांगितलं. आणि हा प्रकार काही नवा नाही, २००९ मध्ये अमेरिकेत हवामान विधेयक चर्चेत असताना ॲपल, पीजी अँड ई, एक्सेलॉन यांनी यूएस चेंबर ही उद्योगांची संघटना सोडली होती, नायकेने मेंबरशिप ठेवली पण त्यांच्या बोर्डावरची जागा सोडली.

हे नायकेचं मधलं पाऊल बऱ्याच जणांना सुचत नाही. राहायचं असेल तर पायऱ्या लिहून ठेवा, आधी कमिटीत लेखी आक्षेप आणि तो मिनिट्समध्ये नोंदवायचा आग्रह, मग त्या नियमावर कंपनीच्या नावाने सरकारकडे स्वतंत्र पत्र, मग लॉबिंगच्या हिश्श्याची वर्गणी रोखणं असोसिएशनच्या नियमात बसत असेल तर ते, मग पदं सोडणं, मग मेंबरशिप. प्रत्येक पायरीपुढे ती कोणत्या महिन्यापर्यंत करायची ते लिहा. ‘संवाद चालू आहे’ हे सलग तिसऱ्या वर्षी त्याच रकान्यात दिसलं की मी पुढचं वाचत नाही.

लीगलचे दोन आक्षेप येणारच. एक, असोसिएशनची चर्चा गोपनीय आणि त्यात स्पर्धा कायद्याचा प्रश्न. उत्तर सोपं, तुम्हाला बाकी मेंबर काय म्हणाले ते सांगायचं नाहीच, तुमचं मत आणि असोसिएशनचा सरकारकडे गेलेला, आधीच सार्वजनिक असलेला कागद एवढंच शेजारी शेजारी ठेवायचंय. दुसरा, विसंगती स्वतःहून लिहिली तर उद्या कोर्टात आपल्याच विरुद्ध वापरतील. याला थोडा अर्थ आहे, म्हणून शब्द लीगलला बघू द्या, पण रकाना काढू देऊ नका, कारण नेट झिरोची जाहिरात एकीकडे आणि उलटं लॉबिंग दुसरीकडे ही विसंगती बाहेरच्याने शोधून काढली तर जास्त अंगाशी येते.

बोर्डाच्या बाबतीत एकच आग्रह धरा, हा विषय सस्टेनेबिलिटी कमिटीच्या अजेंड्यावर ‘माहितीसाठी’ म्हणून टाकून मोकळे होऊ नका. लॉबिंगचं बजेट कुणाच्या सहीने जातं त्या माणसाचं रिपोर्टिंग ज्या कमिटीकडे, तिथे हा विषय ‘मंजुरीसाठी’ हवा. गव्हर्नमेंट अफेअर्सच्या प्रमुखाच्या बोनसची उद्दिष्टं मागवून बघा, तिथे अनेकदा ‘प्रतिकूल नियम रोखणे’ असं सरळ लिहिलेलं असतं आणि त्याच कंपनीच्या सीईओच्या बोनसमध्ये उत्सर्जन कपात असते, दोघं आपापलं काम चोख करत असतात. आणि असोसिएशनच्या कमिटीवर बसणाऱ्या तुमच्या प्रत्येक माणसाला लेखी सूचना द्या की हवामानाशी संबंधित ड्राफ्ट आला की तो ४८ तासांत तुमच्याकडे आलाच पाहिजे. एका पानाचं सर्क्युलर पुरतं, त्याला सल्लागार नेमायची गरज नाही.

पत्राला उत्तर मात्र रिपोर्टसाठी थांबवू नका. या आठवड्यात छोटं उत्तर पाठवा, की थेट आणि असोसिएशनमार्फत होणारं असं दोन्ही लॉबिंग आम्ही तपासतोय, अमुक मसुदे निवडलेत, अमुक कमिटी मंजुरी देईल, अमुक महिन्यात छापू, आणि सही ज्या स्वतंत्र संचालकाकडे विषय दिलाय त्यांची घ्या. फंडाच्या माणसाला फोन करून विचारा की यातला कोणता मसुदा तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा, ते आनंदाने सांगतात आणि तुमचं निम्मं काम कमी होतं. एवढं झालं की सगळ्या मेंबरशिपच्या रिन्यूअलच्या तारखा काढा, बऱ्याच ठिकाणी नोटीस पिरियड असतो आणि तो चुकला की पुढच्या पूर्ण वर्षाची वर्गणी आपोआप लागू होते, त्यामुळे तपासणीचा निकाल बोर्डापुढे त्याच्या दोन-तीन महिने तरी आधी जायला हवा, नाहीतर निर्णय झाला तरी तो अमलात यायला एक वर्ष जाईल.